एका टीकाकार विदुषीची ब्राँझप्रतिमा

न्यू यॉर्क येथील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाच्या संग्रहात ब्राँझची एक लहानशी उभी पट्टिका आहे. तिची उंची हातभराहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे २० इंच, आणि रुंदी आठ इंचांच्याही आतली. जुन्या घराच्या भिंतीतील एखाद्या कोनाड्यात ती सहज मावेल. या अरुंद पट्टिकेवर एका स्त्रीची अर्धाकृती एका बाजूने, हलक्या उठावात दाखविली आहे. ही स्त्री कोणी राणी नव्हे, पुराणातील देवता नव्हे की रंगभूमीवरील नटी नव्हे. मासिकांतून चित्रे, शिल्पे आणि इमारती यांविषयी लेख लिहिणारी ती एक टीकाकार आहे. तिचे नाव मारिआना ग्रिझवोल्ड व्हॅन रेन्सेलिअर. प्रतिमा घडविणारा हात ऑगस्टस सेंट-गॉडन्स या त्या काळच्या अमेरिकेतील अग्रगण्य शिल्पकाराचा, आणि घडविण्याचे साल १८८८. पट्टिकेवर लॅटिन भाषेतील तीन शब्द कोरलेले आहेत : 'अनिमुस नॉन ओपुस'. त्यांचा अर्थ 'आत्मा, कृती नव्हे'.

शिल्पकाराने सेनापतीचा पुतळा करावा, धनिकाचा करावा, कवीचा करावा, यात नवल नाही. परंतु त्याने टीकाकाराची प्रतिमा करावी, आणि तीही आपण होऊन, स्नेहाने करावी, हा योग विरळा. कलावंत आणि टीकाकार यांचे नाते सर्वसामान्यतः साप आणि मुंगूस यांच्या नात्यासारखे मानले जाते. मग या शिल्पकाराला या विदुषीच्या ठिकाणी काय दिसले? आणि त्याने ते तीन शब्द कोणाच्या संदर्भात, कोणत्या अर्थाने कोरले? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले म्हणजे टीका या व्यवसायाचे खरे स्वरूपही हळूहळू उलगडत जाते.

मारिआनाबाईंचा जन्म १८५१ साली न्यू यॉर्क शहरात झाला. माहेर व्यापाऱ्यांचे आणि सधन. जहाजांतून दूरदेशीचा माल आणून विकणारे हे घराणे होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीचे शिक्षण घरीच, खाजगी शिक्षकांकडून झाले. पुढे कुटुंब जर्मनीतील ड्रेस्डेन नगरात जाऊन राहिले. त्या नगरातील चित्रशाळा जगप्रसिद्ध आहे. युरोपातील प्रवास आणि प्रत्यक्ष कलाकृतींचा सहवास हेच त्यांचे विद्यापीठ ठरले. १८७३ साली तेथेच त्यांचा विवाह स्कायलर व्हॅन रेन्सेलिअर या खाणकामाच्या इंजिनीयराशी झाला. हे घराणे हडसन नदीच्या खोऱ्यातील जुन्या डच जमीनदारांचे. अमेरिकेस परतल्यावर दांपत्याने न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे संसार थाटला.

१८७६ साल हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचे. त्याच वर्षी वास्तुविद्येस वाहिलेले एक नवे साप्ताहिक त्या देशात निघाले आणि त्याच वर्षापासून मारिआनाबाईंचे कलाविषयक लेखनही सुरू झाले. शिक्षण विद्यापीठाचे नाही, पदवी नाही, वास्तुशास्त्राची उमेदवारी केलेली नाही. असे असूनही स्त्रीने इमारतींच्या भिंती, कमानी आणि छपरे यांविषयी मत द्यावे आणि पुरुषांनी ते गंभीरपणे वाचावे, ही त्या काळी अनपेक्षित गोष्ट होती. पुढे १८८४ ते १८८६ या काळात 'सेंच्युरी' या मासिकात त्यांची अमेरिकेतील अर्वाचीन वास्तुकलेवरील दीर्घ लेखमाला प्रसिद्ध झाली आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. वास्तुकलेवर सातत्याने आणि अधिकाराने लिहिणारी अमेरिकेतील पहिली स्त्री म्हणून आज त्यांची गणना होते.

मात्र या यशाच्या पायरीवरच दुःख उभे होते. १८८४ सालीच त्यांचे पती निवर्तले. पदरी एकच मुलगा. मारिआनाबाई न्यू यॉर्कला आल्या आणि त्यांची लेखणी अधिक नेमाने चालू लागली. ज्या लेखनाचा आरंभ हौशीने झाला होता, तेच आता आयुष्याचे प्रमुख कार्य झाले.

येथे 'टीका' या मराठी शब्दाचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. व्यवहारात 'अमक्याने तमक्यावर टीका केली' असे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या मनात दोषदर्शनाचीच कल्पना येते. वस्तुतः हा शब्द मुळात तसा नाही. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे. तिच्यात ज्ञानदेवांनी गीतेचे दोष काढलेले नाहीत, तर मूळ ग्रंथाचा आशय लोकांच्या भाषेत आणून ठेवला आहे. मूळ कृती आणि तिचा वाचक यांच्यामध्ये उभे राहून, एकाचे मन दुसऱ्यापर्यंत पोचविणे, हे टीकेचे जुने आणि थोर कार्य. मारिआनाबाईंची कलाटीका या जातीची होती. त्या दोष दाखवीत नसत असे नाही. तथापि त्यांचा पहिला प्रश्न असा असे, की हा कलावंत नेमके काय करू पाहत होता, आणि जे करू पाहिले ते हाताखालच्या माध्यमात कितपत उतरले? सामान्य नागरिकाने आपल्या गावातील इमारत, चौकातील पुतळा, बागेतील वाट यांकडे डोळे उघडे ठेवून पाहावे, ही त्यांच्या सर्व लेखनामागची तळमळ होती.

आता प्रतिमाकाराकडे वळावयाचे. ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांचा जन्म १८४८ साली आयर्लंडमधील डब्लिन येथे झाला. वडील फ्रेंच, धंद्याने चांभार, आई आयरिश. मूल काही महिन्यांचे असतानाच कुटुंब न्यू यॉर्कला आले. तेराव्या वर्षी मुलाला एका 'कॅमिओ' कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. कॅमिओ म्हणजे शिंपल्यावर किंवा मौल्यवान खड्यावर कोरलेले उठावाचे छोटे चित्र. त्याच्या अंगठ्या आणि पदके होत. शिंपल्याचा वरचा थर एका रंगाचा आणि खालचा दुसऱ्या रंगाचा असतो. वरचा थर कोठे ठेवायचा, कोठे पातळ करायचा आणि कोठे पूर्णपणे काढून टाकायचा, यावर चेहऱ्याचा सारा खेळ. केसभर जादा खरवडले गेले की गाल गेला. ही शिस्त त्या मुलाच्या बोटांत कायमची मुरली. पुढे पॅरिसच्या प्रसिद्ध कलाशाळेत आणि रोम येथे शिकून तो मोठा शिल्पकार झाला, परंतु हलक्या उठावाचे काम करताना त्याच्या हातातील तो जुना कारागीर जागा होत असे.

हलका उठाव ही गोष्ट मराठी माणसास अपरिचित नाही. घरोघरच्या देव्हाऱ्यात चांदीचे किंवा पितळेचे टाक असतात. पातळ पत्रा ठोकून त्यावर कुलदैवताची किंवा पूर्वजाची आकृती उठविलेली असते. वेरूळच्या लेण्यांतही पाषाणातील उठावाची भव्य शिल्पे आहेत. मात्र तेथे आकृती भिंतीतून जवळजवळ बाहेर पडून उभ्या राहिल्या आहेत. सेंट-गॉडन्स यांच्या पट्टिकांचा प्रकार याहून निराळा. तेथे उठाव फारच थोडा असतो. एवढ्याशा जाडीत गालाची गोलाई, कानामागचे केस, वस्त्राची चुणी आणि पाठीमागचा मोकळा अवकाश हे सर्व दाखवावयाचे असते. पुतळ्याच्या भोवती फिरता येते. चित्राला रंगांचा आधार असतो. हलक्या उठावाला दोन्ही सवलती नाहीत. त्याचे सारे भांडवल म्हणजे प्रकाश. तिरपा उजेड पडला की कडा जाग्या होतात, सावल्या सरकतात आणि धातूचा चेहरा जणू विचारात पडलेला दिसतो. उजेड समोरून आला की तीच आकृती मागील पृष्ठभागात विरघळू लागते. इटलीत पंधराव्या शतकात दोनातेल्लो आणि पिसानेल्लो यांनी ही कला परमावधीस नेली होती. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत तिला पुन्हा जिवंत केले ते सेंट-गॉडन्स यांनी.

अशी पट्टिका एका दिवसात होत नाही. प्रथम फळीवर मातीत आकृती घडवावयाची. बसणाऱ्या व्यक्तीस अनेक वेळा समोर बसवावयाचे. मग मातीवरून प्लास्टरचा साचा घ्यावयाचा, त्यातून प्लास्टरची प्रत काढून तिच्यावर पुन्हा बारीक हात फिरवावयाचा, आणि अखेर ओतशाळेत धातूचा रस ओतून ब्राँझची प्रत काढावयाची. अमेरिकेतील ओतशाळांत त्या काळी सामान्यतः वाळूच्या साच्यात ओतकाम होत असे. ओतून निघालेल्या धातूवरील खरखरीतपणा काढणे आणि त्याला रंगछटा देणे, हे शेवटचे संस्कार. सेंट-गॉडन्स यांच्या पट्टिकांत अक्षरांनाही आकृतीइतकेच महत्त्व असे. रोमन वळणाची ठसठशीत अक्षरे कोठे बसवावीत, दोन शब्दांत किती अंतर सोडावे, याचाही त्यांनी बारकाईने विचार केलेला असे. त्यामुळे मारिआनाबाईंच्या पट्टिकेवरील ते तीन लॅटिन शब्द सहज सुचले म्हणून कोरले गेले असावेत, असे मानता येत नाही.

या दोघांची गाठ पडली ती कामातून. १८८१ साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन चौकात नौसेनापती फॅरागट यांचा सेंट-गॉडन्स यांनी केलेला पुतळा उभा राहिला. या पुतळ्याने शिल्पकाराची कीर्ती एका दिवसात प्रस्थापित केली. त्याच वर्षी मारिआनाबाईंनी वास्तुविद्येच्या साप्ताहिकात त्या पुतळ्यावर लेख लिहिला. पुढे १८८७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात शिकागो नगरातील उद्यानात त्यांच्या अब्राहम लिंकन यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. लिंकन खुर्चीवरून नुकतेच उठले आहेत, मान किंचित खाली झुकली आहे, आता ते बोलू लागणार, असा तो क्षण आहे. पुढच्याच महिन्यात 'सेंच्युरी' मासिकात मारिआनाबाईंचा या पुतळ्यावरील लेख प्रसिद्ध झाला. आणि त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे १८८८ साली, ही पट्टिका घडली.

या अनुक्रमावरून कोणी घाईने असा तर्क करील, की अनुकूल लेखाची ही परतफेड होय. तसे मानणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. मारिआनाबाईंचा अधिकार त्या वेळेपर्यंत एका पुतळ्याच्या स्तुतीवर अवलंबून राहिलेला नव्हता. किंबहुना १८८८ हे साल त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कामाच्या सिद्धीचे वर्ष होते, आणि ते काम सेंट-गॉडन्स यांच्याविषयीचे नव्हते. ते होते हेन्री हॉबसन रिचर्डसन या वास्तुकाराविषयीचे.

रिचर्डसन हे त्या पिढीतील अमेरिकेचे सर्वांत प्रभावी वास्तुकार. बोस्टन येथील त्यांचे ट्रिनिटी चर्च १८७७ साली पूर्ण झाले. जाड दगडी भिंती, रुंद गोलाकार कमानी आणि जमिनीत घट्ट पाय रोवलेली आकृती ही त्यांच्या इमारतींची ओळख. त्याच चर्चच्या भित्तिचित्रांच्या कामी चित्रकार जॉन ला फार्ज यांच्या हाताखाली तरुण सेंट-गॉडन्स यांनीही काही काळ काम केले होते. म्हणजे रिचर्डसन, सेंट-गॉडन्स आणि मारिआनाबाई ही एकाच कलाविश्वातील माणसे होती. १८८६ सालच्या एप्रिलमध्ये रिचर्डसन अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मृत्यू पावले. अनेक इमारती अर्ध्यावर होत्या, कागदपत्रे विखुरलेली होती, आणि शेजारी राहणाऱ्या मित्रांना भीती पडली, की या माणसाचे काम जसे होते तसे कोणी नोंदवून ठेवले नाही तर ते दंतकथेत विरून जाईल. हे मित्र म्हणजे प्रख्यात उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स स्प्राग सार्जंट. त्यांनी हे काम कोणा वास्तुकाराकडे न सोपविता मारिआनाबाईंकडे सोपविले.

त्यांनी इमारती पाहिल्या, नकाशे तपासले, रिचर्डसन यांच्या सहकाऱ्यांकडून माहिती मिळविली, आणि १८८८ साली तो भव्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या केवळ ५०० प्रती काढण्यात आल्या. या ग्रंथात केवळ स्तुतिस्तोत्र नाही. रिचर्डसन कोठे चुकले, कोठे त्यांची भव्यतेची हौस इमारतीच्या उपयोगावर मात करून गेली, हेही त्यात आहे. तथापि वाचकाच्या मनावर ठसतो तो माणूस. तो आपल्या कार्यशाळेत कसा काम करी, शिष्यांना कसा हाताळी, मरणाच्या छायेत पिट्सबर्ग येथील न्यायालयाची इमारत पुरी झालेली लोक पाहतील तेव्हा काय म्हणतील याची त्याला कशी हुरहूर लागली होती, हे सर्व या ग्रंथामुळेच पुढील पिढ्यांना कळले. शिकागोतील त्यांच्या मार्शल फील्ड यांच्या घाऊक मालाच्या प्रचंड वखारीसारख्या व्यापारी इमारतीलाही मारिआनाबाईंनी त्यांच्या उत्तम कृतींत स्थान दिले. कापडाची वखार ही कलाकृती असू शकते, असे म्हणण्यास त्या काळी धैर्य लागत होते.

हे ध्यानात घेतले म्हणजे पट्टिकेवरील तीन शब्दांकडे पुन्हा वळता येते. 'अनिमुस' या लॅटिन शब्दात मन, चित्त, वृत्ती आणि हेतू अशा अनेक छटा आहेत. त्यामुळे त्या वचनाचा अर्थ एकाहून अधिक प्रकारांनी लावता येतो. पहिला अर्थ भेट देणाऱ्याच्या विनयाचा. आपल्याकडे लहानशी भेट देताना 'फूल ना फुलाची पाकळी' असे म्हणण्याची रीत आहे. शिल्पकारही तसेच म्हणतो आहे, की माझी कारागिरी पाहू नका, तिच्यामागचा भाव पाहा. एवढ्या मोठ्या शिल्पकाराने टीकाकारासमोर असे म्हणावे, यात विनोदाचीही एक हलकी छटा आहे. कारण कारागिरी पाहणे हाच तर समोर बसलेल्या व्यक्तीचा व्यवसाय होता!

दुसरा अर्थ प्रतिमेविषयीचा. चेहऱ्याची हुबेहूब नक्कल करणे हे येथे साध्य नाही. धातूत उतरवावयाचे आहे ते त्या स्त्रीचे मन. आणि तिसरा अर्थ, जो कदाचित सर्वांत खोल आहे, तो मारिआनाबाईंच्या टीकेविषयीचा. त्या दुसऱ्यांच्या कृतींविषयी लिहीत. परंतु त्यांची दृष्टी कृतीवर थांबत नसे. ती कृतीतून पार जाऊन कर्त्याच्या मनाचा शोध घेई. रिचर्डसन यांच्या दगडी भिंतींतून त्यांनी रिचर्डसन वाचला, आणि लिंकनच्या झुकलेल्या मानेतून शिल्पकाराचा हेतू वाचला. ज्याच्या कृतीमागचे मन कोणीतरी नीट ओळखले आहे, अशा कलावंताच्या अंतःकरणात कृतज्ञता उपजणे साहजिकच आहे. हे तीन शब्द म्हणजे शिल्पकाराने टीकाकारावर केलेली टीकाच होय, आणि तीही त्या शब्दाच्या जुन्या, चांगल्या अर्थाने.

सेंट-गॉडन्स यांच्या इतर स्त्रीप्रतिमांशी तुलना केली तर या पट्टिकेचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. वास्तुकार स्टॅनफर्ड व्हाइट हे त्यांचे जिवलग मित्र. १८८४ साली व्हाइट यांचा विवाह झाला, तेव्हा त्यांच्या वधूची संगमरवरी उठावप्रतिमा त्यांनी विवाहाची भेट म्हणून केली. १८९० साली चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यांच्या बहिणीची, गिटार वाजवीत बसलेली, अशी एक मनोहर पट्टिका त्यांनी घडविली, आणि तिच्या बदल्यात सार्जंट यांनी शिल्पकाराच्या लहान मुलाचे चित्र काढून दिले. या दोन्ही प्रतिमा सुंदर आहेत, परंतु त्या मित्राची पत्नी आणि मित्राची बहीण या नात्याने घडल्या आहेत. मारिआनाबाई मात्र कोणाच्या नात्याने त्या पट्टिकेवर आलेल्या नाहीत. त्या आपल्या लेखणीच्या बळावर आल्या आहेत. त्याच सुमारास, १८८७ च्या शरद ऋतूत, आजारी असलेला लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन न्यू यॉर्कमध्ये बिछान्यावर उशांना टेकून सेंट-गॉडन्स यांच्यासमोर बसत असे, आणि त्या बैठकांतून त्याची विख्यात पट्टिका निघाली. मारिआनाबाईंची प्रतिमा या लेखकाच्या पंक्तीला बसते.

पट्टिकेनंतरही त्यांची लेखणी थांबली नाही. इंग्लंडमधील कॅथीड्रलांवरील त्यांचा ग्रंथ १८९२ साली प्रसिद्ध झाला. १८९३ साली उद्यानकलेवरील पुस्तक निघाले. चित्र, शिल्प आणि वास्तू यांच्या बरोबरीने भूमीची रचना हीही एक ललितकला आहे, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतील वास्तुकारांच्या संस्थेने त्यांना सन्मान्य सभासदत्व दिले. परंतु १८९४ साली त्यांचा एकुलता एक मुलगा क्षयाने गेला. पतीच्या निधनानंतर दहा वर्षांनी आलेला हा घाव जिव्हारी लागणारा होता. त्यानंतर त्यांच्या आयुष्याचा ओघ बदलला. न्यू यॉर्कमधील गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत चालणाऱ्या सेवाकेंद्रात त्या शिकवू लागल्या, आणि शहरातील सार्वजनिक शाळांची स्थिती सुधारण्यासाठी झटणाऱ्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी काही वर्षे सांभाळले. १९०९ साली सतराव्या शतकातील न्यू यॉर्कचा दोन खंडांतील इतिहास त्यांनी प्रसिद्ध केला आणि पुढील वर्षी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना साहित्याची सन्मान्य डॉक्टरेट अर्पण केली. ज्या स्त्रीने कधी विद्यापीठाची पायरी चढली नव्हती, तिला विद्यापीठाने आपण होऊन पदवी दिली.

या चरित्रात एक विसंगतीही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. १८९४ साली न्यू यॉर्क राज्यात स्त्रियांना मताधिकार द्यावा की नाही याचा वाद पेटला असता, मारिआनाबाईंनी मताधिकाराच्या विरुद्ध बाजूने पुस्तिका लिहिली. स्त्री आणि पुरुष यांची कर्तव्यक्षेत्रे भिन्न आहेत, स्त्रीने राजकारणाच्या आखाड्यात उतरल्याने तिचे आणि समाजाचे नुकसान होईल, अशी त्यांची विचारसरणी होती. पुरुषांच्या मक्तेदारीतील एका क्षेत्रात स्वतः मानाने प्रवेश केलेल्या स्त्रीने अन्य स्त्रियांसाठी दुसरे एक दार बंद राहावे असे म्हणावे, हे आजच्या वाचकास खटकल्यावाचून राहत नाही. त्यांना कलावंताच्या कृतीमागचे मन अचूक दिसे, परंतु स्वतःच्या वर्गाच्या सुखसुरक्षिततेने घातलेली चौकट मात्र त्यांना दिसली नाही. मनुष्याची दृष्टी कितीही तीक्ष्ण असली तरी ती सर्वच दिशांना सारखी पोचत नाही. आणि या घटनेला काळाने एक विलक्षण जोड दिली. न्यू यॉर्क राज्यातील स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९१७ साली, आणि त्याच वर्षी मारिआनाबाईंनी आपली ही ब्राँझप्रतिमा मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देणगी म्हणून दिली.

त्या देणगीच्या वेळी सेंट-गॉडन्स हयात नव्हते. १९०४ साली कॉर्निश येथील त्यांच्या कार्यशाळेस आग लागून अनेक नमुने, पत्रे आणि टिपणे भस्मसात झाली होती, आणि १९०७ साली ते स्वतः निधन पावले होते. त्यांच्या हातून झालेले काम लोकांच्या दृष्टीस राहावे, ही भावना त्या देणगीमागे असणे स्वाभाविक आहे. आपली प्रतिमा आपणच संग्रहालयास द्यावी यात आत्मप्रौढी दिसेल. परंतु मित्राने आपल्या स्नेहाची खूण म्हणून दिलेली वस्तू सार्वजनिक करावी, यात टीकाकाराचा जुना धर्मही दिसतो. आयुष्यभर त्यांनी उत्तम वस्तू लोकांपुढे आणण्याचेच काम केले होते.

१९२३ साली अमेरिकन कला व साहित्य अकादमीने त्यांना सुवर्णपदक दिले. १९३० साली शिकागोतील मार्शल फील्ड यांची वखार पाडण्यात आली. ज्या इमारतीला मारिआनाबाईंनी आपल्या ग्रंथात उत्तम कृतींत स्थान दिले होते, तिच्या जागी मोटारगाड्या उभ्या करण्याचा तळ झाला. त्या वेळी त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. दगड गेला, आणि कागदावरील वर्णन आणि चित्रे तेवढी उरली. रिचर्डसन यांच्या मित्रांनी १८८६ साली बाळगलेली भीती खोटी नव्हती. १९३४ सालच्या जानेवारीत न्यू यॉर्क येथेच मारिआनाबाईंचे देहावसान झाले.

त्यानंतर काही दशके त्यांचे नाव जवळजवळ विस्मृतीत गेले. टीकाकाराच्या नशिबी हे बहुधा येतेच. ज्यांच्याविषयी त्याने लिहिले ते लक्षात राहतात आणि लिहिणारा मागे पडतो. परंतु १९६९ साली रिचर्डसन यांच्यावरील ग्रंथाचे पुनर्मुद्रण झाले, १९९६ साली वास्तुकलेवरील त्यांचे लेख एकत्र करून ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्यात आले, आणि २०१३ साली उद्यानकलेच्या टीकाकार म्हणून त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ निघाला. रिचर्डसन यांच्याविषयी आज कोणीही लिहू लागला, तर त्याला आरंभ मारिआनाबाईंच्या ग्रंथापासूनच करावा लागतो.

आणि ती पट्टिका न्यू यॉर्कच्या संग्रहात आहेच. तिच्यातील उठाव अगदी थोडा असल्याने, तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्याला आपली जागा थोडी बदलावी लागते, मान कलती करावी लागते, उजेड कोठून येतो ते पाहावे लागते. मग गालाची आणि वस्त्राची रेषा धातूतून वर येते, आणि अक्षरे वाचता येऊ लागतात. अशा रीतीने पाहण्याचे जे शिक्षण मारिआनाबाई आपल्या वाचकांना आयुष्यभर देत आल्या, तेच शिक्षण त्यांची प्रतिमा आजही पाहणाऱ्याकडून करवून घेते.